कोपरापर्यंत माती

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांची खुर्ची एका जागी कधी राहिली नाही. शिपाई ती सकाळी स्टाफरूममध्ये ठेवायचा. सर यायचे, छताकडं बघायचे, खुर्ची उचलून दाराशी आणायचे. मग दाराच्या चौकटीकडं बघायचे आणि ती आणखी पुढं सरकवायचे. असं करत करत पहिला तास सुरू व्हायच्या आत खुर्ची अंगणातल्या कडुलिंबाखाली पोचलेली असायची. पावसात ते तिथंच छत्री उघडून बसायचे. मुख्याध्यापक म्हणायचे, "सर, लोकं बघतात." त्यावर सर म्हणायचे, "बघू द्या की. बघून एखादा बाहेर येऊन बसला तर बरंच हाय."

मी त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा बाकीच्यांनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि आडनावावरून पुढचं सगळं ताडलं. सरांनी एकच विचारलं.

"मॅडम, खोली कुठं घेतली? वर काय हाय, पत्रा का माळवद?"

"माळवद," मी जरा तोऱ्यातच म्हणाले. माझी खोली खरोखरच छान होती. दगडाच्या हातभर रुंद भिंती, वर सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर ऊन भाजून काढत असताना आत माठातल्यासारखं गार. गळू नये म्हणून दरवर्षी आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला माळवदावर नवी माती टाकायची, एवढंच काय ते काम. आमच्याकडं ते सणासारखंच करतात.

सरांचा चेहरा असा झाला, जणू मी एखादं दुखणं सांगितलंय. "किती वर्सांची माती हाय?" त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरमालकांकडं जाऊन भांडून आले आणि आठवड्याच्या आत त्यांनी मला गावाबाहेर पत्र्याची खोली बघून दिली. मी का गेले त्या खोलीत, ते मला आजही सांगता येत नाही. चैत्र-वैशाखात त्या पत्र्याखाली मी पापडासारखी भाजून निघायचे आणि रोज सरांच्या नावानं बोटं मोडायचे. पण गार खोलीत परत जायची हिंमत मात्र झाली नाही. एकदा का त्यांनी वर बघायला लावलं, की माणूस पुन्हा निवांत खाली बघू शकत नसे.

शाळेपासून तेरखेडा जवळ. तिथं फटाके बनतात, हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. दिवाळीच्या आधी माल तपासायला ते अधूनमधून एखादा बार उडवून बघत, आणि आमच्या खिडक्या थरथरत. गावातलं शेंबडं पोरसुद्धा मान वर करत नसे. सर मात्र उठायचे, घंटा बडवायचे आणि सगळी शाळा मैदानावर काढायचे. शिक्षक वैतागायचे, पोरं आनंदानं बोंबलायची.

"सर, तेरखेड्याचा बार आहे हो!" मुख्याध्यापक ओरडायचे.

"असंल. असला तर हसा. नसला तर?"

वर्गाच्या खिडकीत त्यांनी पाणी भरून एक तांब्या ठेवला होता. पोरांना शिकवलं होतं, की आधी आवाज आला आणि मग पाणी हललं तर तेरखेडा. आधी पाणी हललं आणि मग आवाज आला तर पळा. शास्त्र म्हणून ते ठीक असेल. पण ते स्वतः त्या तांब्याकडं बघायला कधी थांबले नाहीत. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात सहामाहीचा अभ्यासक्रम कुणाचाच पुरा व्हायचा नाही. सरांना नोटिसा मिळायच्या. ते सही करायचे आणि नोटीस घडी घालून खिशात ठेवायचे.

अशा भित्र्या माणसाला गावात नाव होतं दर्यामास्तर. का, तर ते शिकवायला उभे राहिले की फिरून फिरून समुद्रावरच यायचे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या मागं घागरी धावतात, त्या गावात हा माणूस पोरांना महासागराचा तळ शिकवत बसायचा. स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. शाळेची सहल कोकणात निघाली तेव्हा मी म्हटलं, "सर, चला की, समुद्र तरी बघून घ्या." तर म्हणाले, "तिथं काय दिसतं? पाणी. समुद्र त्याच्या खाली असतो."

त्यांचा तो तास मी एकदा व्हरांड्यात उभी राहून ऐकला. शाळेच्या हौदाभोवती नववीचा वर्ग गोळा झाला होता.

"समुद्र कसा झाला?" सरांनी विचारलं.

"खड्ड्यात पाणी साचलं सर."

"खड्डा कुणी खांदला?"

 सरांनी हौदात दोन लाकडं सोडली. एक पांगाऱ्याचं जाडजूड, पण हलकं. दुसरं बाभळीचं पातळ फळकूट, पण जड. पांगारा पाण्यावर चांगला वर उचलून राहिला. बाभळीचं फळकूट पार पाण्याच्या पातळीला जाऊन टेकलं.

"हे जाड लाकूड म्हणजे जमीन. आपण ह्याच्यावर ऱ्हातो. आन् हे पातळ, जड, काळ्या दगडाचं म्हणजे समुद्राचा तळ. दोन्ही खालच्या तापल्या खडकावर रेलल्यात. तो खडक घट्टच हाय, पर लाखो वर्सांच्या हिशेबानं सरकतो. जड हाय ते खाली बसलं. खाली बसलं म्हणून पाणी तिथं आलं. पाणी समदं उपसून टाका, तरी समुद्र उरतोच."

मग त्यांनी चहाच्या दुधाचं पातेलं मागवलं आणि तापलेल्या दुधावरची साय दाखवली. उकळी मधे फुटते तिथं साय फाटते, दोन बाजूंना सरकते आणि काठाला जाऊन चुण्या पडतात. समुद्राचा तळ तसाच मधोमध फाटतो, म्हणाले. खालून तापलेला रस येतो, थिजतो, नवा तळ होतो. जुना बाजूला ढकलला जातो. जसजसा जुना होतो तसतसा गार होतो, जड होतो, आणखी खाली बसतो. आणि पुढं कुठंतरी खोल खंदकातून पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो.

"आन् आपला काळा दगड? आईच्या जात्याचा, पाट्याचा? त्यो समुद्राच्या तळाच्याच जातीचा. हित्तं बी जमीन फाटली, रस आला, थरावर थर बसलं. तवा जमिनीवर कधी इस्वास ठिवू नगा. जे जड होत जातं, ते एक दिवस खाली येतं."

शेवटचं वाक्य भूगोलाचं नव्हतं, हे मला तेव्हाच खटकलं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि दूध पिऊन टाकलं.

खरं घोडं अडलं ते त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी. अश्विनी त्यांची एकुलती एक. धाराशिवच्या कॉलेजात शिकत असताना येडशीजवळच्या एका गावच्या मुलाशी तिचं जमलं. मुलाचं खतं-बियाण्यांचं दुकान, घरी विहीर बागायत, मुलगा निर्व्यसनी. मुलाकडची माणसं येऊन मुलगी पसंत करून गेली. नाव ठेवायला जागा नाही म्हणून गावातले लोक खट्टू झाले होते. आता आमच्याकडची रीत म्हणून मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं राहिलं होतं. सरांची बायको गुडघ्यांनी आजारी, सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मला नेलं. निघताना अश्विनीनं मला बाजूला घेतलं.

"मॅडम, त्यांचं माळवद आहे. मी अण्णांना सांगितलेलं नाही. तुम्ही सांभाळून घ्या."

आम्ही दुपारी पोचलो. गाव रेल्वेच्या रुळाला लागून. घर ऐसपैस, दगडी, आणि वर हा भला थोरला माळवदाचा कठडा. सर अंगणात थबकले. मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "या पाव्हणं, आत या. उन्हाचं आलाव, आत गार हाय."

"हित्तंच बरंय," सर म्हणाले. "शिडी हाय का?"

पोह्यांच्या बशा घेऊन बायका दारात उभ्या होत्या. घर बघायला आलेला माणूस शिडी मागतो, हे त्यांच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं. मी "सर, सर" म्हणेपर्यंत कुणीतरी शिडी आणलीसुद्धा. धोतराचा काच्या मारावा तशी पँट वर खोचून हा माणूस माळवदावर चढला. वर बसून त्यांनी काठाजवळची माती खिळ्यानं उकरली, बोटांनी मोकळी केली आणि भोकात हात घातला. आम्ही सगळे खाली माना वर करून. हात आत जात राहिला. मनगट गेलं. पुढं गेला. कोपरापर्यंत गेला आणि तरी खाली फळी लागली नसावी, कारण त्यांनी खांदा तिरका केला.

खाली उतरले तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता. तो तसाच पुढं धरून ते म्हणाले, "ही माती उतरवा. मग तारीख काढू."

मुलाचे वडील भले माणूस होते. पण भलेपणालाही सीमा असते. "पाव्हणं," ते सावकाश म्हणाले, "ह्या मातीवर माझ्या आज्याचा हात हाय. त्येच्या बापाचा हाय. दरसाल आखितीला एक थर. तुम्ही घर बघाया आलाव का घर पाडाया? चार लोकं काय म्हनतील, सोयरीक करायची म्हनून घरावरची माती काढली?"

सरांनी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी पुन्हा नकार दिला. पोहे आम्ही खाल्ले नाहीत. मुलाच्या आईनं दारातूनच मला हळूच खूण केली, की तुम्ही तरी खा. मी नुसते हात जोडले.

परतीच्या एसटीला वेळ होता. सर येडशीच्या स्टेशनात शिरले आणि फलाटाच्या पार टोकाला, छप्पर संपतं तिथल्या बाकड्यावर जाऊन बसले. मी रागानं फणफणत होते. पोरीचं जमलेलं लग्न या माणसानं भर दुपारी, पाहुण्यांच्या अंगणात मोडलं होतं. मी म्हटलं, "सर, तुम्हाला मुलीपेक्षा माती मोठी झाली?"

 तेवढ्यात मालगाडी आली. बाकडं थरथरलं आणि सर ताडकन उभे राहिले. गाडी पार दिसेनाशी झाल्यावर खाली बसले. हाताची माती अजून धुतलेली नव्हती.

"मॅडम, माझी आई समुद्रानं नेली," ते म्हणाले. "तिनं उभ्या जन्मात तेरणा नदीपलीकडं पाणी बघितलं न्हवतं."

मी त्यांच्याशेजारी बाकड्यावर बसले.

त्यांचं गाव लोहाऱ्याकडचं. आमच्या भागात भूकंप म्हटलं की एकच, त्याला दुसरं नाव लावावं लागत नाही. त्याच्या आधी बरेच दिवस जमीन अधूनमधून गुरगुरत होती. लोक भिऊन बाहेर झोपत. सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, गणपतीला घरी आलेले. गावात भूगोल शिकलेला हा एकटाच. लोक विचारायला येत.

"म्या सांगायचा, ह्ये पठार जगातलं सगळ्यात भक्कम. पुस्तकात तसंच होतं मॅडम. हित्तं मोठा भूकंप व्हत न्हाय, घाबरू नगा. गणपती बोळवला त्या राती आई दारात उभी ऱ्हायली. म्हनली, बाळा, आत झोपू का भाईर? मी म्हनलं, आत झोप, काय होत न्हाय. आन् आत उकडतंय म्हनून मी अंगणात बाज टाकली."

 हातावरच्या मातीकडं बघत ते म्हणाले, "तिकडं हिंदी महासागराचा तळ मधी फाटतो, रुंद होतो. त्यो आपल्याला वर ढकलतो. वर हिमालय अडून बसलाय. मधल्या मधी आपून दाबलं जातो. हे मला मागाहून कळलं. पर समुद्रानं नुसतं हलवलं, मॅडम. मारलं मातीनं. त्या साली आखितीला माळवदावर मातीच्या पाट्या मीच चढवल्या होत्या."

एसटी आली, आम्ही बसलो. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर भीती जास्त वाटली. हा माणूस आता मुलीला कुठल्याच छपराखाली नांदू देणार नाही, असं मला वाटायला लागलं.

घरी अश्विनी दारातच उभी होती. बापाचा पांढरा हात बघून तिला सगळं कळलं. ती रडली नाही. घागरीतून पाणी आणून तिनं तो हात धुतला, आणि धुता धुताच बोलली.

"अण्णा, तेव्हा तुम्ही काय होत न्हाय म्हनलात. आता होईल होईल म्हनता. खरं काय, ते तुम्हाला बी ठाऊक न्हाय आन् पुस्तकाला बी न्हाय. मला त्याच घरात जायचंय. मातीचं मी बघते."

सरांनी हात काढून घेतला नाही. पाणी पडून गेलं तरी तो तसाच पुढं धरून बसून राहिले. मग म्हणाले, "लगीन मात्र मांडवात. घरात न्हाय." ती हसली. लग्न घरात करतं कोण?

अश्विनीनं माफी मागून, आर्जवं करून ती सोयरीक पुन्हा जुळवली. लग्न झालं. सर मुलीकडं जायचे, पण उंबरा ओलांडायचे नाहीत. जेवायचे ते अंगणात. विहीणबाई पहिल्यांदा रागावल्या, मग ताट आपसूक बाहेर आणू लागल्या. जेवताना सरांची नजर ताटात कमी आणि वर जास्त. मुलगी आत गेली आणि बाहेर यायला वेळ लागला, की त्यांचा घास हातातच राहायचा. मी एकदोनदा सोबत गेले, तर माझीही तीच गत झाली.

आणि अश्विनी? नव्या सुनेनं सासऱ्याशी वाद घालायचा नसतो, हे तिला बापापेक्षा चांगलं कळत होतं. पहिल्या आखितीला ती सगळ्यांसोबत पाट्या घेऊन वर गेली. खाली येताना मात्र पाटी रिकामी आणली नाही. जुन्या मातीत गवताच्या मुळ्या शिरल्यात, पाणी तिथूनच मुरतं, आधी ती खरवडू, मग नवी टाकू, असं सासूला म्हणाली. खरवडलेली माती परसातल्या भेंडीच्या वाफ्याला टाकली. जुनी पांढरी माती म्हणजे खतच. त्या साली भेंडी अशी लागली, की सासू शेजारीपाजारी वाटत सुटली. पुढच्या साली सासूनंच आणखी माती मागितली, गवारीला. त्याच्या पुढच्या साली सासरे स्वतः फावडं घेऊन चढले, लिंबोणीच्या बागेला पाहिजे म्हणून. दर आखितीला वर जाई त्याच्या दुप्पट-तिप्पट खाली येई. घरावरची आज्याची माती आज्याच्याच रानात चालली होती, तर कोण कशाला नाही म्हणेल? सोयऱ्याच्या सांगण्यावरून जी माती हलली नसती, ती भेंडीसाठी उतरली.

मधे सर निवृत्त झाले. निरोप समारंभ कडुलिंबाखालीच केला, त्यांच्या सोयीनं. यंदाच्या आखितीला मुलीकडचं बोलावणं आलं, मलाही आलं. अश्विनीची लेक आता काही महिन्यांची झाली होती.

जेवणाआधी सरांनी शिडी मागितली. आता त्या घरात कुणाला त्याचं नवल राहिलं नव्हतं. विहीणबाईंनी ती लावूनच ठेवली होती. सर सावकाश चढले. वर बसून त्यांनी माती उकरली, हात घातला. मी खालून बघत होते. हात मनगटाशी थांबला. त्यांनी दुसऱ्या ठिकाणी उकरलं. तिथंही मनगटाशीच थांबला. खाली आले तेव्हा त्यांनी नुसता पंजा झटकला.

तेवढ्यात अश्विनी पोरीला खांद्यावर घेऊन दारात आली. पोरगी पेंगुळली होती. अश्विनीनं अगदी सहज विचारलं, "अण्णा, हिला आत झोपवू का बाहेर?"

आजीचा तो प्रश्न तिला माहीत होता का, मला ठाऊक नाही.  सर दाराच्या चौकटीकडं बघत राहिले.  सासरेबुवा पानाचा डबा उघडता उघडता थांबले.

"आत झोपव," सर शेवटी म्हणाले. "मी बसतो तिच्यापाशी."

आणि चपला काढून, मान खाली घालून त्यांनी तो उंबरा ओलांडला. मीही मागोमाग गेले. आत खरंच गार होतं. पोरगी पाळण्यात झोपली. सर पाळण्याशेजारी भिंतीला न टेकता बसले, एका हातात पाळण्याची दोरी आणि दुसऱ्या हाताचा तळवा फरशीवर सपाट टेकवलेला. 

मग मालगाडी आली. आधी कोनाड्यातल्या तांब्यातलं पाणी हललं, मग आवाज आला. तुळया करकरल्या. वरून चिमूटभर माती सुटली आणि सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. त्यांनी वर बघितलं, मग पाळण्याकडं बघितलं, खांद्यावरची माती बोटानं झटकली आणि दोरी ओढत राहिले.

हे मी दारातून बघितलं. पाणी हललं तेव्हाच मी पळत अंगणात आले होते.